चढावरच्या सिल्वानरची निरवानिरव

मी, रोझविठा हेमरलाइन, वय सत्त्याहत्तर, कै. आन्सेल्म हेमरलाइन यांची पत्नी, धंदा द्राक्षबाग, राहणार माइन नदीकाठचे श्टाइनरोट, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायला घरात आहे कोण?

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी हाइके हिला. ती श्टुटगार्टला असते. घर विकेल. विकू दे.

२. तळघरात सिल्वानर द्राक्षांच्या वाइनच्या ज्या चपट्या बाटल्या उरतील त्याही तिलाच, पण एका अटीवर. ही वाइन कोरडी आहे, गोडव्याला जवळपास फिरकू न देणारी, आणि तिला सोबतीला जेवण लागते. वसंतात पांढऱ्या शतावरीचे कोंब, वितळलेले लोणी आणि उकडलेले बटाटे. थंडीत तळलेला कार्प मासा. नाहीतर कांदा-व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेले सॉसेज. केकबरोबर पिऊ नये. जावई ग्लासात बर्फ टाकतो. त्याला बिअर द्यावी.

३. अंगणातले लांब टेबल शेजारी फोल्कमार झिंक यांना. दर मे महिन्यात आम्ही अंगण उघडून लोकांना आमचीच वाइन आणि साधे जेवण वाढायचो. तिथे बसून हे गृहस्थ ओरडले होते, "आन्सेल्म, तुझी वाइन एवढी आंबट, की प्यायली की मोज्यांची भोकंसुद्धा आकसून बुजतात रे!" सगळे अंगण हसले. आन्सेल्मही हसला. मी अजून हसलेले नाही.

४. आता चढावरची बाग. हाइके जन्मली त्या वर्षी आन्सेल्मने आणि मी तिथे वेली लावल्या. त्या चढावर ट्रॅक्टर जात नाही, माणूस जातो, तोही धापा टाकत. हाइकेला विचारले. "अगं आई, नोकरी सोडून मी तो चढ चढत बसू? वेडी आहेस का?" खोटे नव्हते ते. मग फुकट देते म्हणून जाहिरात दिली. एक तरुण जोडपे आले, खालूनच वर पाहिले, "काय सुंदर आहे हो!" म्हणाले आणि गाडीत बसले. पुढे कोणी आले नाही. मला याचे फार वाईट वाटते, आणि त्यावर उपाय नाही.

म्हणून सर्व वेली मुळासकट उपटून जाळाव्यात. बेवारस वेलींवर भुरी आणि केवडा हे रोग माजतात, आणि लागूनच फोल्कमारची बाग आहे. माझे वैर त्याच्या जिभेशी आहे, त्याच्या वेलींशी नाही. काम जानेवारीतच उरकावे. मार्चमध्ये कापलेल्या वेलीतून थेंब थेंब पाणी गळते. हाइकेने ते बघू नये.

५. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मला हवे होते, म्हणून फोल्कमारला आणि बेकरीवाल्या मेख्टिल्डला आज जेवायला बोलावले. आज हंगामातली शेवटची शतावरी. जेवण झाल्यावर फोल्कमारने हा कागद वाचला.

"रोझविठा, मोज्यांचं अजून धरून बसलीयेस?"

"मरेपर्यंत. आता फार थांबावं लागणार नाही तुला."

मग त्याने चौथे कलम दोनदा वाचले आणि चष्मा काढला. "माझ्यासाठी नको उपटूस गं. या सुगीनंतर मीही बाग सोडतोय. माझ्याकडे तर खालून बघायलासुद्धा कोणी आलं नाही."

मेख्टिल्डने उरलेली वाइन तिघांच्या ग्लासांत सारखी ओतली.

चौथे कलम मी बदललेले नाही. फोल्कमारच्या सांगण्यावरून त्यात एवढीच भर घालते: दोन्ही बागा एकाच दिवशी काढाव्यात.

श्टाइनरोट, २४ जून २०२३
सही: रोझविठा हेमरलाइन

समक्ष:
फोल्कमार झिंक
मेख्टिल्ड ओर्थ