रोटीवरची धूळ

वेधशाळा, अल्माटीच्या वरचा डोंगर
३ सप्टेंबर १९८४

ती. बाबांना काम्शातचा शि. सा. न.

पत्र पोचलं. तीनच ओळी! आईला जाऊन वर्ष होईल, त्या जेवणाला येऊ का विचारलं, तर 'येऊ नकोस, काम कर' एवढंच. घाट बर्फाने बंद होता म्हणून मातीला पोचले नाही, त्याचा राग अजून आहे का?

इथे माझंही हसं झालं. एक तारा मंद दिसला, म्हणून मी तो लांबचा ठरवला. आमची दुर्बीण अवरक्त प्रकाश बघते, डोळ्यांना न दिसणारा. तो धुळीतूनही येतो, म्हणून वाटेतल्या धुळीचा हिशेब मी धरलाच नाही. साहेब म्हणाले, अगं बाई, धूळ त्यातलाही थोडा खातेच. ताऱ्याला लाली किती जास्त चढलीय त्यावरून धूळ काढ आणि तिने खाल्लेला उजेड परत मिळव. मिळवला, तर तारा केवढा जवळ निघाला! पण सांगू कुणाला? जेवतानासुद्धा समोर कुणी नसतं.

लोभ आटू देऊ नका.
तुमची काम्शात

कराबुलाक, १५ सप्टेंबर

चि. काम्शात, माझ्या उंटाच्या पिल्ला, अ. उ. आ.

धूळ मोजायला डोंगर कशाला चढलीस? आपल्या दारात उभी राहिलीस तरी तोंडभर मिळेल! राग कसला? मी मजेत आहे. घोडीच्या दुधाचा कुमीस छान आंबलाय, प्यायला माणूस नाही एवढंच. जेवणाचं शेजारच्या रिस्तीवहिनी बघतील. रस्ता खराब आहे, तू येऊ नकोस.

माया आहेच, ती कुठे जाते?
तुझा बाप, बेइसेन

वेधशाळा, २६ सप्टेंबर

ती. बाबांना शि. सा. न.

प्यायला माणूस नाही म्हणता आणि वर मजेत! तुमच्या शब्दांतलंही बरंच वाटेत खाल्लं जातं, आणि मी उगाच तुम्हाला लांब समजून बसले. सरळ सांगा ना, का येऊ नको? मी इथे रडतेय, हे मी सरळच लिहिते. निघताना चावलेली माझी रोटी भिंतीवर आहे, की टाकलीत?

उत्तराची वाट बघणारी,
काम्शात

कराबुलाक, ९ ऑक्टोबर

चि. काम्शातला अ. उ. आ.

पकडलंस बापाला! अगं, रोटी टाकीन कसा? तू एक घास चावून गेलीस, उरलेली तुझ्या आईने टांगली. माणूस परत येऊन संपवेपर्यंत रोटी त्याला ओढत राहते, असं ती म्हणायची. दर शुक्रवारी फडक्याने पुसायची. ती गेल्यावर मी हात लावला नव्हता. काल काढली, पुसली. तुझे दात तसेच उमटलेले, पुढच्या फटीसकट. मी ढसाढसा रडलो.

राग नव्हता गं, भीती होती. तू येऊन रोटी संपवलीस, की भिंतीवर तुला ओढणारं काय उरणार? आई तर नाहीच. म्हणून नको नको लिहीत राहिलो. घर खायला उठतं.

रिस्तीवहिनींना सांगितलं, तर कपाळावर हात मारून म्हणाल्या, अहो, पोरगी जाताना दुसरी चावून जाईल की! हे मला सुचलंच नाही बघ.

ये. दात शाबूत ठेव, रोटी दगड झालीय. दुसरीचं पीठ मीच मळीन. फक्त लवकर मळायला लावू नकोस.

वाटेकडे डोळे लावून,
तुझा बाप