जनरेटरच्या तारेला बांधलेली केबल

शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६, रात्री ११.४०

नेवाशाच्या कार्यक्रमात आवाज पुढे गेला, दिवे मागे अडकले. माझ्या लेकीचा टाइमकोड, म्हणजे दिव्यांना आवाजाबरोबर चालवणारा सिग्नल, मंचापर्यंतच्या लांबलचक केबलमधून नीट पोचेना. तिने बजावूनही मंडपवाल्याने केबल जनरेटरच्या तारेला चिकटपट्टीने बांधली होती. "लई नीटनेटकं दिसतं, ताई."

आयोजक मंडळाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "पोरींच्या हाती दिलं की असंच व्हायचं."

लेक मातीत बसून चिकटपट्टी सोडवत राहिली. मीही शेजारी बसले. साडीचं काय एवढं? केबल विजेच्या तारेपासून वेगळी होताच सिग्नल साफ झाला, दिवे जुळले. माइकवरून माफी मात्र आली नाही.

आत्ता ती माझ्या मांडीवर झोपली आहे, बोटांना गोंद तसाच. अध्यक्षमहाशय, तुमच्या त्या वाक्याबद्दल सोमवारी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं.