बैलांनी खाल्लेला मुरूम

आर्णी, १२ फेब्रुवारी

ती. इंदुताईस,

धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता पायरी चढू देत असेल आणि भाऊजी खोकल्याचं औषध खिडकीबाहेर न ओतता घेत असतील, असं धरून चालतो. फोनच केला असता, पण आमच्याकडे फोनवर बोललेलं साधना स्वयंपाकघरातून ऐकते आणि मग मला माझीच हकिगत सुधारून सांगते. म्हणून पत्र.

तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं मी गोपालरावांच्या फर्ममध्ये बांधकामाची मोजमापं घेतो. टेपचं एक टोक मिस्त्रीच्या हाती, दुसरं माझ्या, आणि आकडा वहीत. आता गोपालरावांची सून वर्षा कारभार बघते. पोरगी हुशार, इंजिनिअर, आणि मला काका म्हणते. तिथेच माझं अडतं, कारण काका म्हणणाऱ्याशी नीट भांडताही येत नाही. दिवाळीनंतर तिने ड्रोन आणला, कॉम्प्युटरमध्ये मोजमापाचं सॉफ्टवेअर घातलं आणि जाहीर केलं की मार्चपासून वही बंद. तोवर फोनवर मोजायला शिकलो तर काम माझं, नाही तर गोदामाच्या फाटकावर बसून आल्या-गेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे. ताई, या वयात मी फाटकावर बसू का?

तर जवळच्या तांड्यावर आमचं सभागृहाचं काम चालू आहे. जोत्यात भरायला मुरूम टाकलेला होता. त्याला लागूनच हरिसिंगचं खळं, आणि खळ्यात त्याच्या बैलांसाठी मळणीतून उरलेलं सोयाबीनचं कुटार. अवकाळीच्या धास्तीने दोन्ही ढिगांवर सारखीच निळी ताडपत्री. ड्रोन उडाला, तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, कोंबड्या पळाल्या, आणि दहा मिनिटांत कॉम्प्युटरने सांगितलं, मुरूम चौदा ब्रास. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भाऊजींना विचार, विहीर खोदताना मीच त्यांना तीनदा समजावलं होतं.) मला टेप लावू द्या म्हटलं, तर वर्षा हसली. चौदा ब्रास पुरेसा, म्हणून नवा मुरूम मागवलाच नाही.

पंधरा दिवसांनी ड्रोन पुन्हा उडाला. मुरूम अकरा ब्रास. जोत्याच्या भिंती नुकत्याच होत आल्या होत्या, मुरमाला कोणी हात लावलेला नव्हता, मग तीन ब्रास गेला कुठे? साइटवर राखणीला रूपसिंग असतो. नऊ वर्षांत त्याने आमचा एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. वर्षाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "मले काहून पुसता बाई? मुरूम का मी खाल्ला?" आणि काठी भिंतीला टेकवून घरी निघून गेला. दोन दिवस आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी भरणी सुरू झाली. मजुरांनी दुसऱ्या ढिगावरची ताडपत्री ओढली, तर खाली कुटार. हरिसिंग धावत आला. "साहेब, ते माह्यं कुटार व्हय. चार बैल रोज खाऊन राह्यले, तं कमी नाही होईन का?" झालं, चोर सापडले, चौघेही दावणीला बांधलेले होते. वर्षाचा चेहरा उतरला, पण पोरगी मनाची मोठी. तशीच रूपसिंगच्या दारात गेली आणि त्याच्या बायकोसमोर, लालीबाईसमोर, चुकलं म्हणाली. मी मात्र दिवसभर साइटवर सांगत फिरलो की यंत्राला मुरूम आणि कुटार यातला फरक कळत नाही, त्याला माणूसच लागतो. गोपालरावांनी मान डोलावली. आमची वही वाचेल, असं आता वाटतं.

थोरांच्या पाया पडतो, लहानांना आशीर्वाद, भाऊजींना औषध.

तुझा,
वामन

ता. क. एक लिहायचं राहिलं. ड्रोन उतरला की तो प्रत्येक ढिगाचा फोटो फोनवर पाठवतो आणि विचारतो, हा आपला माल आहे का, हो की नाही. जवळ जाऊन, बघून मग दाबायचं. तो फोन माझ्याकडे होता. मी रागात होतो. दोन्ही वेळा चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना हो, हो दाबलं.

ता. क. २. वर्षाला हे कळलंय. फोनमध्ये नाव आणि वेळ दोन्ही राहतात म्हणे. तिने कोणाला सांगितलं नाही, फक्त फोन पुन्हा माझ्या हातात दिला. ताई, मला त्याची फार लाज वाटते. तू बचत गटाचं सगळं फोनवर करतेस. आठ दिवस ये आणि मला शिकव. साधनाला सांग, गुडघा दाखवायला आलेय.

ता. क. ३. शिकवणं एक वेळ राहू दे, पण ये. रूपसिंगकडे जायचंय. दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माफी वर्षाने मागितली, ती मी मागायची होती, आणि एकट्याचा माझा पाय उचलत नाही.