आठव्या खुणेपर्यंत

सोमवार, ३
माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. तिने माझ्या हातातला नकाशा काढून घेतला, उलटा केला, परत दिला आणि म्हणाली, असा धरला तर वाचायला जरा सोपा जातो. सगळे हसले. मीही हसलो! प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून कॉलेज सोडलेला मी.

रानातल्या या शिबिरात नोकरी दादाने लावून दिली. म्हणाला, निदान इथे तरी कुणाशी भांडू नकोस. सुट्ट्यांत इथे रोज एक कुटुंब येतं आणि नकाशा, होकायंत्र शिकतं, म्हणजे पुढे आपले आपण तंबू घेऊन फिरताना हरवायला नको. मास्तर शिकवतात. ती मास्तरांची मुलगी. रानात सात खांब आहेत, प्रत्येकाला दोरीने एक शिक्का टांगलेला. नकाशावर सात लाल वर्तुळं. खांब शोधायचे, कार्डावर शिक्के मारून परत यायचं. नकाशांच्या झेरॉक्स काढणं माझ्याकडे. खोली शेवटची, लोखंडी खाट, खिडकीतून रान. सातवा खांब खिडकीखालीच.

मंगळवार, ४
पावलं मोजायला शिकलो. शंभर मीटरला माझी एकशे बत्तीस होतात. ती बरोबर चालली तेव्हा एकशे एकेचाळीस झाली. मुद्दाम लहान टाकली. तिच्या उजव्या अंगठ्यावर आडवा वण आहे, पेन्सिल तासताना कापलेला. एवढ्या जवळून पाहिलं.

मास्तर म्हणाले, नकाशावर नसलेली गोष्ट गंमत म्हणूनही काढायची नाही. माणूस डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतो, कागद नेईल तिथे जातो.

बुधवार, ५
खांब रोवतो तो टोपीवाला. झोपतानाही टोपी काढत नसावा. आज तिच्यासमोर म्हणाला, साहेब कॉलेजात टिकले नाहीत, रानात किती दिवस टिकतात बघू. ती हसली. थोडीशीच, पण हसली. माझं डोकं फिरलं.

दुपारी मूळ नकाशावर लाल पेनने आठवं वर्तुळ काढलं, कार्डाच्या मूळ प्रतीवर आठवा चौकोन. सातपासून २२० अंश, ६४० पावलं. तिथे काही नाही, नुसती झाडी. उद्याचं कुटुंब तिथे खांब शोधत बसेल, येऊन तक्रार करेल आणि टोपीवाल्याची टोपी उतरेल.

गुरुवार, ६
कुणी तक्रार केली नाही.

आई, बाबा, दोन मुली, चौघंही खूश होऊन आले. कार्डावर आठही चौकोन भरलेले. आठव्या चौकोनात शिक्का नव्हता, अंगठा होता. मातीचा, ओला, चौकोनाबाहेर जाणारा. त्याच्या रेषा नकाशावरच्या डोंगराच्या रेषांसारख्या, आत आत जाणाऱ्या. बाबा म्हणाले, तुमचे तिथले काका फार प्रेमळ.

आमच्याकडे काका नाहीत. टोपीवाल्याने डाव ओळखून कुणाला तरी बसवलं असणार. विचारलं तर तो म्हणाला, आठवी खूण मास्तरांनी वाढवली ना?

शुक्रवार, ७
आज आजोबा, सून आणि नातू. आठवी खूण चारशे दहा पावलांवर सापडली म्हणाले. मी हसलो, मोजायला चुकलात. आजोबा चिडले. तिघांनी वेगवेगळं मोजलं होतं, नातवाने पाचशेवीस.

नंतर लक्षात आलं. मुलाची पावलं लहान, त्याची जास्तच भरणार. पण सहाशेचाळीस तर माझ्या पावलांनी होती. मग त्याची तरी कमी कशी?

शनिवार, ८
मूळ नकाशावर पांढरा रंग फासला. झेरॉक्स काढली. वर्तुळ आहेच. रंगाच्या डागाखाली नाही, अलीकडे. खोल्यांच्या बाजूला.

आजच्या कुटुंबाला आठवी खूण एकशे नव्वद पावलांवर. त्यांची लहान मुलगी सांगत होती, काकांनी विचारलं, ज्याने मला बोलावलं तो दादा कुठे राहतो? तिने शहाण्यासारखं बोट करून माझी खिडकी दाखवली.

मास्तरांना सांगायला गेलो. दारातून परत आलो. सांगितलं तर नोकरी जाईल. तिचं तोंडही दिसणार नाही.

रविवार, ९, सकाळ
तिला सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. ती हसली, म्हणाली, वेडा आहेस का तू? टोपीवाल्यावर जळतोस? मग म्हणाली, चल, दोघं जाऊन बघू.

मी म्हणालो, बूट घालून आलो.

बूट पायाजवळच होते. मी ते शोधत राहिलो.

तिने एकदा हाक मारली. मग म्हणाली, राहू दे, दहा मिनिटांत येते. खिडकीखालून पावलं मोजत गेली. एकोणनव्वदपर्यंत ऐकू आली.

अकरा वाजता
आली नाही. मास्तर आणि टोपीवाला नव्या कुटुंबाला घेऊन टेकडीवर. ओरडलो. कुणाला ऐकू जात नाही. ऊन लख्ख आहे. पक्षी एक नाही.

साडेअकरा
नवी झेरॉक्स काढली. सातव्या आणि आठव्या वर्तुळाच्या कडा एकमेकींना लागल्यात.

पावणेबारा
दाराच्या फटीतून कार्ड आत आलं. सात चौकोन कोरे. आठव्यात दोन अंगठे. मोठा तोच. शेजारी एक लहान —

लहानावर आडवा वण आहे.

माझं डोकं फिरलं म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी. आणि ती एकटी —

बारा
बाहेर ती मोजतेय. तिचाच आवाज. उलटं मोजतेय. चाळीस. एकोणचाळीस. मध्ये थांबते, जणू कुणी शेजारी चुकलं तर त्याला सावरून घेते.

झेरॉक्सवर आता एकच वर्तुळ. या खोलीवर.

बोलावलं मी. तर जायचंही मीच. मी गेलो तर कदाचित तिला —

बूट घातले. होकायंत्र घेतलं. सुई उत्तर दाखवत नाही, दाराकडे बघतेय.

मास्तर, माझ्यामागे कुणी येऊ नका. सगळे नकाशे जाळा. ती आली तर तिला सांगा, त्या दिवशी पावलं मी मुद्दाम —

आवाज दाराशी आलाय. बारा. अकरा.

वही दारातच ठेवून जाईन. बाहेर आलो. दार ओढून घेतलंय. समोर ती उभी आहे, हात पुढे केलाय, पण तिच्या अंगठ्यावर वण नाही —