मधलं आंगण आणि तीन घराण्यांचा मासा

बिस्मिल्लाह.

मी, फातिमाबी, मरहूम अबूबकर पिंजारी यांची बायको, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घरचं, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. तेल कुठं जास्त गेलं ते अजून सुनांच्या आधी मला कळतं. कोणाचा दबाव नाही. असता तर मी ऐकलाही नसता.

१. दफन साधं करावं. मंडप, माईक नको. कफन पेटीत आहे. अत्तराची बाटली भरलेली आहे, नवी आणू नये.

२. राहतं घर मरहूमांनी निकाहात कबूल केलेल्या मेहेरच्या बदल्यात माझ्या नावे केलं. एका बाजूच्या खोल्यांत नासेर राहतो, दुसऱ्या बाजूला अशफाक. मधे आंगण, सैपाकघर आणि हापसा. या दोन लेकांशिवाय मला वारस नाही. दोघांना आंगणातून भिंत घालायची आहे. विटा येऊन पडल्या आहेत. भिंत झाली की हापसा एकाकडे जाईल, चूल दुसऱ्याकडे, आणि माझ्यामागे हे ईदलाही एकमेकांच्या दारात जाणार नाहीत.

३. नासेरची लेक आफिफा कोचीला खोल समुद्रातल्या माशांची घराणी आणि नावं ठरवायचं काम शिकते. ईदला आली तेव्हा भांडण चालूच होतं. अशफाक म्हणाला, "आमची राशन कार्डं वेगळी, कुटुंबं वेगळी. सरकारच म्हणून राहिलं."

आफिफा म्हणाली, "चाचा, कार्डाचं सांगू नका. आमच्याकडं माशांची तीन घराणी अशीच वेगळी लिहिली होती. एकात लांब शेपटीची लेकरं. एकात मोठ्या नाकाचे. एकात देवमाशासारख्या तोंडाचे. तिन्ही मिळून एकच घराणं निघालं. लेकरं, नर आणि माद्या!"

मी विचारलं, "एका घराण्यात बाईमाणूसच न्हाई, हे कोणाला खटकलं कसं न्हाई?"

"खटकत होतं, दादी. पण तेवढ्या खोलातला मासा हाती लागतो एखादाच, आणि तोंडं जुळत नव्हती. मग जनुकं तपासली. एक लेकरू तर मादीत बदलून राहिलेलं, अर्ध्यातच सापडलं, तेव्हा खात्री झाली."

"आणि नाकवाला कोणता?"

"नर. त्याला मोठेपणी खाताच येत नाही. लहानपणी खाल्लेल्यावर जगतो. नाक तेवढं मोठं."

जुलेखा, म्हणजे अशफाकची बायको, म्हणाली, "आमच्याकडं असले दोन आहेत, पण खाणं काही सुटलं न्हाई." नासेरसुद्धा हसला. पण विटा होत्या तिथंच राहिल्या.

४. शरियतप्रमाणे लेकांचा वाटा ठरलेला आहे. त्याला मी हात लावत नाही. एक तृतीयांशापर्यंत मात्र वारस नसलेल्याला देता येतं, आणि सुना वारस नाहीत. म्हणून मधलं आंगण, सैपाकघर आणि हापसा मी सबीहा व जुलेखा या दोन्ही सुनांना मिळून देते. मोजणी करून घेतली आहे, तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतं. भिंत घालायची तर दोघींच्या जागेतून घालावी लागेल, त्यांना विचारावं.

५. दारांवर 'नासेर मंजिल' आणि 'अशफाक मंजिल' अशा पाट्या आहेत. दोन्ही काढाव्यात. आफिफा सांगते, घराणी एक झाली की सगळ्यात आधी दिलेलं नाव राहतं, मागून आलेली गळतात. गाव या घराला पहिल्यापासून 'रजईवालीचं घर' म्हणतं. रजईवाली म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माझं एक दिवस पटलं नाही. माझ्या हातची रजई त्यांनी तीनदा उसवली. तरी कायदा तो कायदा. पाटी त्यांच्याच नावाची लागावी. अक्षर मोठं नको, रंग महाग आहे.

६. सासूबाईंची कापूस पिंजायची धुनकी आफिफाला द्यावी. हीही त्याच तिसऱ्या हिश्श्यातली.

हे सर्वांसमोर वाचून दाखवलं. अशफाक सुनांकडं बघून म्हणाला, "आणि या दोघींनीच भिंत घातली तर?"

सबीहा म्हणाली, "घालू की. त्या विटांचा आधी हापशाजवळ ओटा करून राहिलो आमी, धुण्याला. उरल्या तर बघू."

तेव्हा नासेर उठला आणि भावाला म्हणाला, "चल, विटा हापशाकडं नेऊ."

विटा हलवणं चालू असताना सही केली.

फातिमाबी

साक्षीदार: १. भागाबाई, शेजारीण (सही स्वतः केली, अंगठा नाही, हे लिहायला लावलं)
२. ज्ञानबा, भागाबाईंचे पती

गोरेगाव, दिनांक १४ एप्रिल २०२५