खुर्चीपाशी बाबा हसले नाहीत

३ मार्च, रविवार

बाबांना जाऊन आज एकवीस दिवस. दुपारी टीव्ही लावला तर बाबांच्या आवडत्या विनोदी मालिकेचा नेमका तोच भाग! घरमालकीण आणि भाडेकरूवाला. शेवटच्या वर्षी बाबा दुसरं काही लावूच द्यायचे नाहीत. पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायचे. मी वैतागायचे — बाबा, आम्हाला ऐकू द्या की!

मध्ये एक जागा आहे. कोणी बोलत नाही, आवाज नाही. घरमालकीण मागून हळूच खुर्ची ओढते, आणि भाडेकरू पडायच्या ऐवजी तसाच हवेत बसून पेपर वाचत राहतो. पूर्वी बाबा इथे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. आज लेक खो खो हसली. आणि मला एकदम आठवलं. गेल्या वर्षभरात बाबा इथे एकदाही हसले नव्हते. बोलण्याला हसायचे. इथे नाही.

५ मार्च

ज्याच्या टेम्पोखाली बाबा गेले, तो टेम्पोवाला डोक्यातून जात नाही. "ताई, शपथेवर सांगतो, आजोबा सरळ माझ्याकडे बघत होते. तरी पुढे आले." मी त्याला खोटारडा म्हटलं होतं. चौकीत, सगळ्यांदेखत.

७ मार्च

बाबांच्या खणात, मोज्यांखाली, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा कागद. दोन वर्षांपूर्वीचा! सकाळच्या फेरीची पोरं उतरवून बस शाळेत लावली आणि तडक त्यांच्याकडे गेले. भांडायलाच.

त्या शांतपणे म्हणाल्या, "या आजारात नजरेतलं मधलं आधी जातं. कडेचं राहतं. म्हणून अशी माणसं मान वाकडी करून बघतात."

बाबा मान वाकडी करून बघायचे. आम्ही मायलेकी त्यांना कोंबडा म्हणायचो. तेही आरवून दाखवायचे.

"घराण्यात असू शकतं, मुलीलाही तपासायला आणा, असं तेव्हाच सांगितलं होतं. तर म्हणाले, नको, तिच्या हातची बस जाईल."

वा बाबा! वा! स्वतः टेम्पोखाली गेलात आणि मला सांगितलं नाहीत! इतका राग आला की बाई "बसा, आत्ताच बघू" म्हणाल्या तेही ऐकून घेतलं नाही. दुपारची फेरी आहे म्हटलं. निघून आले.

८ मार्च

पुलावरचा पांढरा पट्टा मध्येच वाकडा दिसला. ऊन असेल.

१२ मार्च

ऊन नव्हतं आज.

पट्टा वाकडाच. सिग्नलला एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींनी वाकडा. मान जरा फिरवली की सरळ होतो.

शाळेच्या फाटकाशी रखवालदार केवढ्याने ओरडला — "अहो बाई, मूल! मूल आहे पुढे!" ब्रेक दाबला. बसमधली सगळी पोरं पुढच्या सीटवर आपटली. समोर पिवळं दप्तर घेतलेली पहिलीतली मुलगी, बंपरपासून हातभर. मी सरळ तिच्याकडेच बघत होते.

रखवालदार म्हणाला, "लक्ष कुठंय तुमचं?" मी म्हटलं, वडील गेलेत हो. त्याने लगेच हात जोडले. बाबांच्या नावावर निभावलं! लाज वाटली. तरी दुपारची फेरी केलीच.

१५ मार्च

शाळेत ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी. भिंतीवर तोच अक्षरांचा तक्ता, नऊ वर्षं तोच. रांगेत असताना कडेने बघून खालच्या दोन ओळी पाठ केल्या. वरच्या येतातच. नंबर आल्यावर घडाघडा म्हणून दाखवलं.

"फर्स्टक्लास डोळे आहेत हो तुमचे!" तपासणारा म्हणाला.

जिन्यात बसून रडले. पण करू काय? ही बस गेली तर आम्हा दोघींना घरी बसवून कोण खायला घालणार आहे? एक वर्ष. लेक दहावी होऊ दे. सावकाश चालवीन. बाबाही असंच म्हणाले असतील — थोडे दिवस.

१७ मार्च, रविवार

दुपारी लेकीने तो भाग पुन्हा लावला. मी शेजारी. पडद्याच्या मध्यात नुसता धूसर डाग. पण मला सगळं येतंच. शांत जागा आली. मनात तीन मोजले आणि मोठ्याने हसले.

लेक हसली नाही. "आई, अजून खुर्ची ओढलीच नाहीये."

मग माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या वाकड्या मानेकडे.

बसची किल्ली कमरेची काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, उद्या सकाळी मी मागेन. रडेन, ओरडेन. देऊ नकोस.