काटा शून्यावर होता

बाबा, तुमचा तो पिवळ्या मुठीचा टेस्टर अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, लायटर आणि सुट्या सेलच्या गर्दीत. त्यातला दिवा तेव्हाच गेला होता. मी तो टाकत नाही, आणि का टाकत नाहीस असं कोणी विचारलं तर अंगावर जाते. पेणला रामवाडीच्या आपल्या खोलीत मिक्सर बंद पडला होता, तो दिवस मला लख्ख आठवतो. आई वाटणासाठी खोळंबलेली, तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलेले, अंगाला कंपनीचा तो गोडसर वास, आंघोळ केली तरी न जाणारा. मी शहाणपणा करून टेस्टर प्लगच्या भोकात खुपसते, दिवा लागत नाही, म्हणून सरळ तारेला हात घालायला निघते. तुम्ही मनगट असं धरलंत की बांगडीच फुटली. "करंट नाय हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, टेस्टरनं. "आणि टेस्टर चालू हाय हे कोणी सांगितलं गो?" मग तोच टेस्टर तुम्ही दिव्याच्या चालू पॉइंटला लावलात. तिथंही तो लागला नाही. "आधी जिथं करंट हाय तिथं लावायचा. पेटला तर मग भरवसा. नायतर फुकट मरशील." आई म्हणाली, पोरीची बांगडी फोडलीत आणि मिक्सर राहिला तसाच.

हाच नियम तुम्ही धाटावला, कंपनीतही लावला होता. टाकी साफ करायला माणूस उतरण्याआधी गॅसचा मीटर लावायचा असतो, पण तुमच्या शिफ्टला त्याच्या आधीची एक रीत होती, तुम्हीच पाडलेली. मीटरची नळी पहिल्यांदा सॉल्व्हंटच्या उघड्या ड्रमच्या तोंडाशी धरायची. काटा चढला, म्हणजे मीटर जिवंत. मगच ती टाकीत सोडायची. तुमच्या मागे लोक हसायचे म्हणे, म्हातारा मीटरला आधी नाश्ता देतो. मी बारावीला होते त्या वर्षी टाकीत काटा शून्यावर होता, तुम्ही शिडीनं खाली उतरलात, आणि वर आलात ते दोरीनं ओढून. कंपनीनं लिहून दिलं की मीटर तपासून घेतला नव्हता, कामगाराचा निष्काळजीपणा.

तेराव्याला जिते गावचे, तुमच्या शिफ्टमधले काका आले होते. रोज जित्याच्या स्टेशनला गाडीत चढून तुमच्यासाठी जागा धरणारे, त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी उभे असलेले. ते म्हणाले, "वहिनी, खोटं नाय सांगत. दादानं मीटर ड्रमला लावला व्हता. काटा चढला, मी डोळ्यानं बघितलाय." आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "भला माणूस हाय. मला बरं वाटावं म्हणून बोलतो." कारण काटा चढला असेल तर मीटर चालू होता, आणि चालू मीटर विषारी टाकीत शून्य दाखवेल कसा? दोन्ही खरं असणं शक्यच नव्हतं. मलाही तसंच वाटलं. त्यानंतर आई तुमच्यावर जी चिडली ती चिडलीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, हे ती तुमच्या फोटोकडे बघून म्हणायची. रडली नाही ती. रागात रडायला सवड नव्हती.

पदवीनंतर मला पेणमध्येच काम मिळालं. एका सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि मुंबईच्या लोकांचे प्रोग्राम तपासायचं कामही ते घ्यायचे. त्यात एक मोठ्या संख्यांची लायब्ररी आली. साध्या प्रोग्रामला दहाबारा आकड्यांपुढची संख्या झेपत नाही. शंभर-दोनशे आकडी संख्या असेल तर तिच्यासाठी असं वेगळं तयार सामान लागतं, त्यालाच लायब्ररी म्हणतात. माझं काम एवढंच, की तिला संख्या लिहून द्यायच्या आणि ती त्या नीट वाचते का बघायचं. आपण दहाच्या पायावर मोजतो, शून्य ते नऊ. आठच्या पायावर मोजलं तर सातच्या पुढचं चिन्हच नसतं, आठ आणि नऊ तिथं कोणाला ठाऊक नाहीत. कुठल्या पायावर वाचायचं ते आपण सांगायचं.

तुमची पोर ना मी, म्हणून आधी जिथं करंट आहे तिथं लावलं. आठच्या पायावर १७ दिलं, म्हणजे एक आठ आणि वर सात, पंधरा आलं. बरोबर. लांबलचक संख्या दिल्या, सगळ्या बरोबर. भरवसा बसला. मग मुद्दाम ९८ दिलं, आठच्याच पायावर. खरं तर तिनं म्हणायला हवं होतं की हे मला वाचता येत नाही. तिनं उत्तर दिलं, शून्य. मी सरांना बोलावलं. ते म्हणाले, "भलतंच दिलंस तर शून्यच येणार. त्यात काय?" मी म्हटलं, "सर, खरंखुरं शून्य दिलं तरी हेच येतं. मग वाचलं की नाही वाचलं, ते कळणार कसं?" "तू फार खोलात जातेस बाई," असं म्हणून ते चहा सांगायला गेले. मी खुर्चीतच बसून राहिले. लायब्ररी चालू होती, मी स्वतः तपासली होती, आणि तरीही तिनं न वाचता शून्य सांगितलं होतं.

त्या रविवारी मी जित्याला गेले. काका कंपनी सोडून घरी बसले होते, खोकत होते. मी विचारलं, टाकीत आधी काय सोडलं होतं? "नायट्रोजन. आग लागू नये म्हणून सोडायचे. त्याला वास नाय, काय नाय." आणि मीटर कसला होता? "जळणाऱ्या गॅसचा. आत तार तापते, गॅस जळला का काटा चढतो." एवढं बोलून ते आपणच थांबले. जळायलाही हवा लागते, बाबा. ड्रमच्या तोंडाशी ती होती, त्या टाकीत हवाच नव्हती. तुम्हाला श्वासाला नव्हती, मीटरला जाळायला नव्हती. काका म्हणाले, "बाय, मलाच वाटाय लागलं व्हतं, मी खोटं बघितलं."

आई सुकट निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे लावून बघितला व्हता त्यांनी?" मी म्हटलं, व्हय. "काटा चढला व्हता?" चढला होता. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मी रोज शिव्या घातल्या गो त्यांना. देवापुढं दिवा लावताना पण." आणि मग ती रडली, सुकटीच्या सुपावर वाकून, इतक्या वर्षांचं एकदम. तिला थांबवायला मला जमलं नाही.

मी धाटावला जाऊन सांगून आले. साहेब बदलले होते, नवे म्हणाले प्रकरण मिटलंय. लायब्ररीतला दोष मात्र मी लिहून दिला, आणि मुंबईच्या लोकांनी तो दुरुस्तही केला. मला अजून राग येतो. तो नायट्रोजन सोडणाऱ्यांचा येतो, तो कागद लिहिणाऱ्याचा येतो, आणि खरं सांगू, तुमचाही येतो, कारण तुमचा नियम एका पायरीनं अपुरा होता आणि तुम्ही त्याच्यावर जीव टाकलात. टेस्टर चालू असला तरी त्याला जे कळतं तेवढंच तो सांगतो. हे मला पंख्याखाली बसून कळलं, तुम्हाला सांगायला कोणी नव्हतं.

हे पत्र खणातच राहील, टेस्टरशेजारी. एक गोष्ट मात्र कबूल करते. आता तुमचा आवाज मला आठवत नाही. तुम्ही काय म्हणायचात ते शब्द आहेत, आवाज नाही. मी रीतीप्रमाणे आधी आईचा आठवून बघते. तीही आता नाही, पण तिचा लगेच येतो, शिव्यांसकट. मग तुमचा आठवते. काटा हलत नाही. मी ते शून्य खरं धरत नाही.